आपांची बासी ईद

मेहरूआपांना तारीख विचारली की त्या सण सांगायच्या. नवा गॅस कधी लावला, तर शबे-बरातच्या दोन दिवस आधी. धाकटीचा दात कधी पडला, तर बारावफातचा जुलूस बघताना. नवऱ्याशी शेवटचं भांडण कधी झालं, तर "बकरी ईदला, कलेजीत मीठ जास्त झालं म्हणून." भिंतीवर छापील कॅलेंडर त्यांच्याही घरी होतं, पण ते दूधवाल्याचे खाडे मांडायला. आपांचं वर्ष चंद्रावर चालायचं आणि माझं ऑफिसातल्या टेबलावरच्या कॅलेंडरवर. आमच्या या दोन वर्षांत एकदा एका दिवसाचा फरक पडला. तो दिवस मला आजही धड विसरता येत नाही आणि कुणाला धड सांगताही येत नाही.

आमची ओळख चॅटरूममध्ये झाली. दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. भिवंडीजवळ राहनाळला टाइल्सच्या एका गोदामात मी कॉम्प्युटरवर मालाच्या पावत्या करायचे. सकाळच्या गाड्या भरून गेल्या की दुपारी तीनपर्यंत माशा मारायच्या. ऑफिसात इंटरनेट होतं आणि साहेब जेवून खुर्चीतच डुलक्या घ्यायचे. चॅटरूममध्ये शिरल्याबरोबर दहा जण विचारणार, वय काय, मुलगी का मुलगा, राहणार कुठल्या. सगळे खोटंच सांगायचे. त्या गर्दीत एका बाईनं मात्र इमानदारीत उत्तर दिलं होतं: "उमर बेचाळीस. दोन मुली, एक नवरा, बारा लूम. भिवंडी." सगळ्यांनी तिची थट्टा केली आणि पुढे गेले. मी लिहिलं, "मीपण भिवंडीची. टेमघर." तिकडून लगेच उत्तर आलं, "मग जेवलीस का?"

त्यानंतर दीड वर्ष, सुट्टीचे दिवस सोडले तर, रोज दुपारी आमचं बोलणं व्हायचं. बोलणं म्हणजे टाइप करणं. फोनवर आम्ही एकदाही बोललो नाही. आपांचं घर धामणकर नाक्याजवळच्या गल्लीत, खाली लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आणि वर दोन खोल्या. खाली बारा लूम धडधडत असताना वर फोनवरचं काही ऐकू यायचं नाही. शिवाय फोन खाली शेठच्या टेबलावर. शेठ म्हणजे त्यांचे यजमान. म्हणून थोरल्या मुलीच्या, नाझनीनच्या, क्लाससाठी घेतलेला कॉम्प्युटर आपांनी हळूहळू आपल्या ताब्यात घेतला. "इथे ओरडावं लागत नाही," त्या म्हणायच्या, "चाळीस वर्षं मी घसा फोडून बोलले. आता बोटांनी बोलते." लाइट गेली की लूम थांबायचे आणि कॉम्प्युटरही बंद पडायचा. म्हणजे घरात शांतता असायची तेव्हाच आपा गप्प व्हायच्या. याचं त्यांना भारी हसू यायचं.

आपा दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी लिहायच्या. मध्येच दोन मिनिटं गायब. मग उत्तर यायचं, "कीबोर्डमध्ये कापूस गेला होता, फुंकर मारली." आम्ही काय बोलायचो, ते आता सांगायला गेलं तर काहीच नाही. भाजी काय केली, साहेब काय बोलले, आईशी मी का भांडले. रमझानमध्ये त्यांचा रोजा असायचा, तरी पहिला प्रश्न तोच, जेवलीस का. मला संकोच वाटायचा. मी डबा खाऊनही एकदा "नाही" लिहिलं, तर रागावल्या. "रोजा माझा आहे. तू उपाशी राहून माझ्या सवाबात, माझ्या पुण्यात हिस्सा मागतेस काय? जेव मुकाट्यानं."

माझ्या घरी ईदबद्दल कुणाला फारसं काही माहीत नव्हतं. जन्मभर भिवंडीत राहून माहीत नव्हतं, हे लिहायला आज लाज वाटते. ईद म्हणजे कॅलेंडरातल्या लाल तारखेला गोदामाला सुट्टी आणि नाक्यावर रिक्षा नाही, एवढंच. मला जे कळलं ते आपांकडून. शीरखुर्म्यात खारीक आदल्या दिवशी दुधात भिजवायची. सासरचे लोक होणाऱ्या सुनेला ईदीचं ताट पाठवतात. रमझाननंतरच्या ईदचा महिना संपला की पुढच्या महिन्याला बायका 'खाली' म्हणतात आणि त्यात लग्नाचं, नव्या कामाचं नाव काढत नाहीत. मी आपली त्यांना आमच्या गौरी, आमची नारळीपौर्णिमा सांगायचे. आमच्या आगरी घरात खाडीला नारळ कसा वाहतात हे ऐकून त्यांनी विचारलं, "आणि तो नारळ मग कोण खातं?"

त्या वर्षी आमचा पितृपक्ष आणि त्यांची शबे-बरात एकाच आठवड्यात आली. शबे-बरातला त्या चण्याच्या डाळीचा हलवा करायच्या आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेऊन फातेहा व्हायचा. त्यांच्याकडे वहीत यादी होती. "तुझ्या घरचं कोण गेलंय?" त्यांनी विचारलं. मी आजीचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी लिहिलं, "तुझ्या आजीचं नाव पण घेतलं मी. त्यांना गोड चालायचं ना?" आजी साखरेच्या आजारानं गेली होती, पण मी "हो, खूप" असं लिहिलं. मग बराच वेळ त्यांच्याकडून काही आलं नाही. मला वाटलं, पुन्हा कापूस. मग एकच ओळ आली.

"वनिता, मला छातीत एक गाठ लागते. रज्जबपासून."

रज्जब म्हणजे शबे-बरातच्या आधीचा महिना. हे त्यांनी मला सांगितलं त्याला कारण होतं. माझ्या आईला आठ वर्षांपूर्वी अशीच गाठ झाली होती. ठाण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि आई ठणठणीत राहिली. हे मी कधीतरी गप्पांत लिहिलं होतं आणि त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी त्याच संध्याकाळी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिला सांग, घाबरायचा न्हाय. मी हाय ना समोर जिती. पन बसून ऱ्हायाचा न्हाय. म्हनावं, उद्याच्याला जा."

पण उद्या काही उजाडेना. आपा म्हणाल्या, रमझान येऊ दे, रमझान लागल्यावर म्हणाल्या, रोज्यात सुई टोचून घेणार नाही. खरी अडचण मला हळूहळू कळली. नाझनीनचं लग्न ठरलं होतं, ईदच्या महिन्यातच निकाह होता. आईला असा आजार आहे हे मुलाकडच्यांना कळलं तर ते मागे हटतील, ही भीती. म्हणून शेठना सांगितलं नव्हतं, नाझनीनला नव्हतं, बहिणीलाही नव्हतं. "आणि मला सांगितलंत," मी लिहिलं. "तू दिसत नाहीस म्हणून," त्यांनी लिहिलं, "दिसली असतीस तर मला रडू आलं असतं."

मी रोज मागे लागायचे. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. ईदच्या दुसऱ्या दिवसाला त्या बासी ईद म्हणायच्या. "त्या दिवशी बायका माहेरी, मैत्रिणीकडे मिलायला जातात. शेठ भावाकडे जातात. कारखाना बंद. मी म्हणेन, मैत्रिणीकडे चालले. साल में एकच दिवस आहे की मला कुणी विचारत नाही, कुठे गेली होतीस. बासी ईदला तू ये, आपण ठाण्याला जाऊ." मी कॅलेंडर बघितलं. मंगळवारी ईद, लाल अक्षरात. म्हणजे बासी ईद बुधवारी. मी लिहिलं, "बुधवारी सकाळी दहा वाजता येते." आणि साहेबांकडून बुधवारची रजा घेतली. त्यांनी बासी ईद म्हटलं, मी बुधवार म्हटलं, आणि दोघींनाही वाटलं की आपण एकच दिवस ठरवला.

त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकमेकींना चिकटून आल्या होत्या. भाऊबीजेसाठी मी आईला घेऊन सोमवारी मामाच्या गावी गेले. गाव आत, डोंगराकडे. तिथे ईद झाली काय न् राहिली काय, कुणाला पत्ता नव्हता. फटाके वाजत होते, ते दिवाळीचे. आई मामाकडेच थांबली आणि बुधवारी सकाळी मी एकटी तिथून थेट धामणकर नाक्याला उतरले. पिशवीत आईची जुनी फाइल होती, डॉक्टरला दाखवायला, की बघा, ही बाई जगली. दुकानं बंद होती. पांढरे कपडे घातलेली माणसं गळाभेट घेत होती, अत्तराचा वास सुटला होता. मला वाटलं, बासी ईदसुद्धा अशीच असते.

गल्लीत शिरले तर कुठेही खडखडाट नाही. एवढी शांत भिवंडी मी त्याआधी ऐकली नव्हती. जिना चढून गेले. दारात एक ठेंगणी, गोरी बाई उभी होती, चष्म्याला दोरी लावलेली, हातभर हिरव्या बांगड्या. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फाइलकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "तू वनिता," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जाड होता, लूमवर ओरडून झालेला. मी म्हटलं, "आपा, तयार नाही झालात?"

"अगं बाळा, आज ईद आहे."

सोमवारी चंद्र दिसलाच नव्हता. रमझान एकोणतीस दिवसांचा की तीस, हे चंद्र ठरवतो. कॅलेंडर छापणाऱ्यानं अंदाजानं तारीख टाकलेली असते. चंद्र दिसला नाही, म्हणून मंगळवारी तिसावा रोजा झाला आणि ईद बुधवारी आली. बासी ईद गुरुवारवर गेली. आपांनी सोमवारीच मला मेसेज टाकून ठेवला होता, पण तो पोचला होता राहनाळच्या बंद ऑफिसातल्या बंद कॉम्प्युटरवर. भिवंडीत जन्म काढलेल्या माणसाला हे कळू नये, अशी माझी गत.

आतल्या खोलीत नाझनीनच्या सासरचे बसले होते, ईदीची झाकलेली ताटं घेऊन. दवाखान्याचं नाव फाइलवर मोठ्या अक्षरांत होतं. आपांनी ती माझ्या हातातून घेतली, पदराखाली धरली आणि सगळ्यांना हसत सांगितलं, "ही माझी कॉम्प्युटरवाली मैत्रीण. ईद मिलायला आली." मला बसवलं. शीरखुर्म्याची वाटी दिली, ती संपायच्या आत दुसरी दिली. होणाऱ्या विहीणबाईंनी मला विचारलं, आमच्यात दिवाळीला काय काय करतात. मी करंज्या, चकल्या सांगत बसले. आपा येता-जाता माझ्या पाठीवर हात ठेवत होत्या. दीड वर्षाच्या ओळखीत तो पहिला स्पर्श, आणि मी मनातून चिडलेली होते.

हो, चिडले होते. मामानं आणखी एक दिवस राहा म्हणून आग्रह केला होता, तो मोडून मी आले होते. रजा फुकट गेली होती. चंद्रावर राग काढता येत नाही, म्हणून तो आपांवर निघत होता. त्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "उद्या ये. उद्या बासी ईद. मी तयार राहते." मी म्हटलं, "उद्या रजा कशी मिळेल आपा, आत्ताच दिवाळीची झाली, आजची झाली." त्या म्हणाल्या, "विचारून तर बघ." मी म्हटलं, "बघते." त्यांनी फाइल एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून, वर शीरखुर्म्याचा डबा ठेवून माझ्या पिशवीत घातली. निघताना मी वळून बघितलं नाही. रिक्षा मिळते का, हे बघत होते.

गुरुवारी ऑफिसात गेले, कॉम्प्युटर चालू केला. आधी सोमवारचा मेसेज आला, "चाँद नहीं दिखा, तू आता गुरुवारी ये." त्याच्याखाली त्या दिवशी सकाळचा नवा. "मी तयार आहे. बुरखा घालून बसले. शेठ गेले. तुझ्या साहेबांनी सोडलं तर ये." साहेब माझ्यापासून चार हातांवर बसले होते. बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या, म्हणजे रोजच्यासारख्याच. मी लिहिलं, "साहेब नाही म्हणाले आपा. गाड्या खूप आहेत. पुढच्या आठवड्यात बघू."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "कोई बात नहीं. जेवून घे."

पुढच्या आठवड्यात निकाहची खरेदी सुरू झाली. मग निकाह झाला. मग 'खाली'चा महिना लागला आणि आपांनी लिहिलं, या महिन्यात नवं काम नको. मी पूर्वीसारखी मागे लागले नाही. माझ्या मनात कुठेतरी होतं की मी एकदा जाऊन आले, माझं काम मी केलं. बकरी ईदच्या सुमाराला त्यांची वाक्यं लहान झाली. "डावा हात जड होतो, एका बोटानं लिहिते." मी घाबरून लिहिलं, "शेठना सांगा, नाहीतर मी येऊन सांगते." त्यांनी लिहिलं, "सांगितलं काल. रडले. मला माहीत नव्हतं त्यांना रडता येतं." त्यानंतर चॅटमध्ये त्यांच्या नावापुढचा दिवा, त्या कॉम्प्युटरवर असल्याची खूण, विझलेलाच राहिला. मोहर्रम गेला. मी दोनदा नाक्यापर्यंत गेले आणि परत फिरले. वर जाऊन काय ऐकावं लागेल, याची भीती वाटत होती.

मग एका दुपारी तो दिवा लागला. मला इतका आनंद झाला की मी नमस्कार, सलाम काही न लिहिता लिहिलं, "आपा, कुठे होतात?"

"मी नाझनीन," तिकडून आलं. "अम्मी गेल्या. तेरातेजीत."

तेरातेजी म्हणजे मोहर्रमनंतरच्या महिन्याचे पहिले तेरा दिवस. मुलीनंही तारीख सांगितली नाही. मी काय लिहिलं ते मला आठवत नाही, काहीतरी लिहिलं असेल. तिनं सांगितलं की दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. तिचे सासरचे दवाखान्यात रोज डबा घेऊन यायचे. आपा ज्यांना भीत होत्या ती ही माणसं.

मग तिनं लिहिलं, "अम्मीनं तुमचं सगळं बोलणं कॉम्प्युटरवर ठेवलं आहे. मी चार दिवस वाचते आहे. बासी ईदच्या सकाळपर्यंत आले." मग पुढची ओळ आली. "त्या दिवशी मी अम्मीला विचारलं होतं, बुरखा घालून घरात काय बसलीस. म्हणाली, मैत्रीण येईल. असरच्या नमाजपर्यंत बसली होती. मी काढायला सांगितलं तर म्हणाली, राहू दे, येईलही."

आपा मला जेवून घे म्हणाल्या आणि स्वतः संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. मी नाही म्हटल्यावरही.

लोक मला नंतर सांगायचे, आईसुद्धा सांगायची, की एका दिवसानं काय मोठं झालं असतं, जे व्हायचं ते झालंच असतं. असेल. पण गाठ सापडल्यापासून प्रत्येक वेळी 'नंतर' म्हणणाऱ्या आपा होत्या. फक्त एकदा त्या 'आज' म्हणाल्या, आणि त्या वेळी 'नंतर' म्हणणारी मी होते.

नाझनीननं विचारलं, "एक विचारू? साहेबांनी खरंच रजा दिली नव्हती?"

'हो' लिहिणं सोपं होतं. तिला त्यानं बरंही वाटलं असतं कदाचित. मग मी लिहिलं, "मी मागितलीच नव्हती."

दहा-पंधरा मिनिटांनी आपांच्या नावापुढचा दिवा विझला. मी उठले. निदान तिच्यासमोर जाऊन उभं राहावं, तिला जे बोलायचं ते तोंडावर बोलू द्यावं, एवढंच डोक्यात होतं. साहेबांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "साहेब, अर्ध्या दिवसाची रजा हवी होती."

साहेब पावत्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "अर्धा पुरेल का, की पूर्ण दिवस लिहू?"